मोडलेलं हाड आणि अंगावरचं मांस

कळंब तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही समन्वयक आज तुम्हाला एक इतिहास सांगणार आहोत. राजेमहाराजे त्यात फारसे येणार नाहीत. आपल्या अंगावरचं मांस, अंगातलं रक्त आणि चरबी यांची ही गोष्ट आहे. मोठा अपघात झाला, घर अंगावर पडलं, हाड मोडलं, भाजलं, तर कोण उठतं आणि कोण उठत नाही, हे माणसाला कधी आणि कसं कळत गेलं, ते आज सांगू.

निमित्त झालं आमच्या एका गटातल्या मावशींचं. गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. वय साठीच्या पुढचं. अंगानं भरलेल्या बाई, गटाच्या आरोग्य शिबिरात वजन बासष्ट किलो भरलं होतं. घरच्यांनी जराही हयगय केली नाही. दुसऱ्याच दिवशी मोठ्या गावाला नेलं, ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, फोटोत हाड सरळ दिसलं. मावशी घरी आल्या आणि पथ्य सुरू झालं. डाळ बंद, कारण डाळीनं जखमेत पू होतो. अंडं बंद, ते उष्ण पडतं. दही-ताक बंद, जखमेला आंबट चालत नाही. राहिलं काय, तर भाताची पेज, चहा आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. सगळं मायेनं चाललं होतं, सून रात्री तीनदा उठत होती. पण महिन्याभरात मावशींची मांडी अशी झाली की चादरीखाली काही आहे की नाही कळेना. चेहरा मात्र तसाच गोल. पुढं पाठीला जखमा झाल्या, खोकला जडला, आणि चौथ्या महिन्यात मावशी गेल्या. सळई जागच्या जागी होती.

मातीला आलेली माणसं एकच म्हणत होती, एवढी धडधाकट बाई, एका हाडानं कशी गेली? हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. ओळखीच्या डॉक्टरताईंना विचारलं, त्यांनी दिलेलं वाचलं, समजलं नाही ते पुन्हा विचारलं. त्यातून जे हाती आलं ते सांगतोय.

जखमा, मोडलेली हाडं हा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात कुणालाही किल्लारीच आठवते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर आणि भोवतालची कितीतरी गावं त्याच पहाटे आडवी झाली. कळंबला भांडी वाजली, भिंतींना चिरा गेल्या, माणसं रस्त्यावर आली. आमच्यातल्या काही जणी तेव्हा पाळण्यात होत्या, काही जन्मल्याही नव्हत्या, पण ती पहाट ऐकून ऐकून पाठ आहे. भूकंप ६.२ तीव्रतेचा. जगात असे बरेच होतात, एवढी माणसं मरत नाहीत. पण आपली घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन हात जाड, वर मातीचं माळवद. सरकारी आकड्यानं ७,९२८ माणसं गेली, काही नोंदींत आकडा याहून मोठा आहे. जखमी हजारोंनी. त्यात पुढचे दिवस पाऊस.

लोहारा भागातून आमच्या तालुक्यात सोयरिकीनं आलेल्या एक अक्का आहेत. त्यांच्या माहेरच्या दोन जावांची गोष्ट त्या सांगतात. दोघी एकाच भिंतीखाली सापडल्या, एकाच दिवशी बाहेर निघाल्या. थोरलीचा पाय आणि बरगड्या मोडल्या होत्या. धाकटीचा फक्त हात मोडला आणि दंडाची कातडी सोलवटली. सगळ्यांना वाटलं धाकटी वाचली, थोरलीचं काही खरं नाही. झालं उलटं. थोरली संक्रांतीला काठी टाकून चालायला लागली. धाकटीची जखम पाडव्यापर्यंत भरेना, ताप येई, हात कायमचा वाकडा राहिला. अक्का म्हणतात, नशीब. पण आम्ही खोदून विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं की थोरली मोळ्या वाहणारी, दंडाला दंड असलेली बाई होती, आणि धाकटीची लागोपाठ तीन बाळंतपणं झालेली, सहा महिन्यांचं पोर अंगावर पीत होतं. मग नशिबाचा वाटा किती आणि तीन बाळंतपणांचा किती?

आता थोडं लांब जाऊ. १९३० च्या सुमाराला स्कॉटलंड देशातल्या ग्लासगो शहरात डेव्हिड कथबर्टसन नावाचे एक तरुण रसायनतज्ज्ञ इस्पितळात काम करत होते. काही रुग्णांची मोडलेली हाडं लवकर जुळत नाहीत, त्यांच्या अंगात कॅल्शियम, फॉस्फरस कमी पडतंय का बघा, असं त्यांना सांगण्यात आलं. कथबर्टसन पाय मोडलेल्या गड्यांची लघवी रोजच्या रोज गोळा करून तपासू लागले. काम तसं कुणाला न आवडणारं. पण त्यात जे सापडलं त्याची कुणाला कल्पना नव्हती. लघवीतून नत्र भरमसाट बाहेर पडत होता. नत्र म्हणजे नायट्रोजन, आपण युरिया घालून पिकाला देतो तोच. माणसाच्या अंगात तो प्रथिनांत असतो, आणि प्रथिनांचा सगळ्यात मोठा साठा म्हणजे स्नायू, आपण ज्याला मांस म्हणतो ते. पाय एका जागी मोडलेला, पण बाहेर पडणारा नत्र इतका की तो फक्त त्या जागेचा असणं शक्य नव्हतं. सगळ्या अंगातलं मांस विरघळत होतं.

का विरघळतं? कारण जखम भरायला, जंतूंशी लढायला, नवं रक्त करायला शरीराला प्रथिनं लागतात, ती ताबडतोब लागतात, आणि अंगात प्रथिनांची वेगळी कोठी नाही. धान्याची कणगी असते तशी चरबीची असते. प्रथिनांची नसते. म्हणून शरीर हातापायांचं, पाठीचं मांस मोडतं आणि जखमेकडे धाडतं. काही भागाची साखर करून तीही जाळतं.

आपल्या गटाच्या भाषेत सांगायचं तर चरबी म्हणजे सात-बाऱ्यावरची जमीन आणि मांस म्हणजे पेटीतली रोकड. जमीन असली की बाई श्रीमंत दिसते. पण रात्री दोन वाजता दवाखान्यात पैसे भरायचे तर पेटी उघडावी लागते. चरबीतून जळण मिळतं, ऊब मिळते, पण चरबीचं प्रथिन होत नाही. कितीही चरबी असो, जखमेचं कापड तिच्यातून विणता येत नाही.

इथं एक बारकावा आहे आणि आम्हाला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला. आपण बाया उपासाला सरावलेल्या. एकादशी, चतुर्थी, नवरात्र. निरोगी माणूस उपाशी राहिला तर शरीर दोन-चार दिवसांत शहाणं होतं, मांस राखतं आणि चरबी जाळायला घेतं. म्हणून नऊ दिवस निभतात. पण मोठी जखम झालेली असताना शरीर हा शहाणपणा करत नाही. चरबी असली तरी मांस तोडतच राहतं. कथबर्टसन यांनी १९४२ साली या अवस्थेचे दोन टप्पे मांडले. आधी ओहोटी : अंग गार, सगळं मंद. मग एक-दोन दिवसांनी उसळी : ताप, नाडी जलद, आणि मांस वितळायला सुरुवात. म्हणजे जखमी माणसाचा उपास आणि नवरात्रीचा उपास, दिसायला सारखे, आतून अगदी वेगळे. मावशींच्या घरात नेमकी हीच गफलत झाली होती, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या कुणाच्याही घरात तीच झाली असती.

हे मांस किती भरभर जातं याचं माप अलीकडे लंडनमधल्या डॉक्टरांनी घेतलं. अतिदक्षता विभागातल्या ६३ रुग्णांच्या मांडीचा स्नायू ते सोनोग्राफीनं मोजत गेले. दहा दिवसांत त्याचा आकार सहाव्या हिश्श्याहून जास्त घटला. दहा दिवसांत!

आता दुसरी बाजू. जखम व्हायच्या आधीच माणूस खंगलेला असेल तर? १९३६ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात हायरम स्टडली नावाच्या शल्यविशारदानं आपल्या ४६ रुग्णांचा हिशोब मांडला. सगळे पोटातल्या अल्सरचे, सगळ्यांचं ऑपरेशन झालेलं. ऑपरेशन हीसुद्धा शरीराला जखमच, चाकू डॉक्टरचा एवढाच फरक. स्टडलींनी वय पाहिलं, हृदय पाहिलं, फुप्फुसं पाहिली. शेवटी नजरेत भरलं ते वजन. ऑपरेशनआधी ज्यांचं वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले तिघांमागे एक दगावले. बाकीच्यांत शंभराला साडेतीन. हात त्याच डॉक्टरचा, टेबल तेच. पन्नास किलोच्या बाईचं दहा किलो घटलं की ती या पहिल्या रांगेत आली, असं समजा.

आणि घटलेलं वजन भरून आलं म्हणजे झालं, असंही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा इथं अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे तरुण युद्धात बंदूक धरायला नकार दिलेले, आपणहून पुढं आलेले. युरोपातली उपाशी माणसं पुन्हा कशी उभी करायची हे शिकायचं होतं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्यानं उतरलं. मग खायला दिलं. वजन वाढायला लागलं, पण आधी भरली चरबी, मांस मागाहून, सावकाश. काट्यावर माणूस पूर्ववत, आणि अंगात ताकद नाही.

हे वाचताना आम्हाला आपल्याकडचे दुष्काळ आठवले. आपल्याकडं अर्धपोटी राहण्याचे प्रयोग कुणाला मुद्दाम करावे लागले नाहीत.

१८७६-७७ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यात होता, नळदुर्ग जिल्ह्यात. पलीकडे सोलापूर-पुण्याकडं इंग्रजांचा अंमल. तिथं दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या गड्याला दिवसाचं किती द्यायचं यावर सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं हुकूम काढला : एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. बाईला आणि पोराला त्याहून कमी. दिवसभर दगड फोडायचे आणि एवढ्यावर. मुंबई इलाख्यात हजारो मजूर ही मजुरी नाकारून कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांच्या त्या संस्थेनं, गावोगावची माहिती जमवून सरकारकडं धाडली. मद्रासकडचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीही भांडण मांडलं की एवढ्या धान्यावर माणूस हळूहळू उपाशी मरतो, धान्य वाढवा, जोडीला डाळ-भाजी द्या. म्हणजे बघा, ग्लासगोच्या पन्नास-पंचावन्न वर्षं आधी डाळीवरून वाद झाला होता. टेंपलसाहेबांचा हिशोब तिजोरीचा होता, कॉर्निश यांचा हिशोब अंगावरच्या मांसाचा.

१९७२ चा दुष्काळ तर आपल्या आज्यांनी, सासवांनी अंगावर काढला. खडी फोडायला बाया होत्या, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी होती, आणि कामावर सुकडी मिळायची. आमच्यातल्या एकीच्या आजेसासूबाई त्या सुकडीची चव अजून सांगतात. त्या आणखी एक सांगतात, ते आम्ही आधी कधी नीट ऐकून घेतलं नव्हतं. खडीवर बोट ठेचलं की एरवी आठ दिवसांत बरं होणारं बोट त्या साली दोन-दोन महिने चिघळत राहायचं. बाया म्हणायच्या, दगडच विषारी आहेत. दगड तेच होते हो, अंग ते राहिलं नव्हतं.

आता रक्ताबद्दल, कारण अपघातात आधी जातं ते रक्त. सत्तर किलोच्या गड्याच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. बेचाळीस किलोच्या बाईच्या अंगात तीन लिटरही नसतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली दोघं सापडली आणि दोघांचं एकेक लिटर रक्त गेलं, तर त्याचा पाचवा हिस्सा गेला आणि तिचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेला. त्यात उरलेलं रक्त पातळ. महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बाया रक्त कमी असलेल्या आहेत, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे नोंदलंय. आमच्या ओळखीची एक ऊसतोड करणारी बाई अशीच ट्रॉलीवरून पडली. अंगानं सडपातळ पण दोरीसारखी पिळदार, मांसाला कमी नव्हती. हिमोग्लोबिन निघालं सहा. रक्ताच्या पिशव्या जमेपर्यंत ऑपरेशन चार दिवस लांबलं. ती वाचली, कारण भावकीतली पोरं रक्त द्यायला धावली.

तुम्ही म्हणाल, मग अंगानं जाड असलेलं बरं. थोडीफार गादी असण्याचा उपयोग होतो, हे खोटं नाही. म्हातारपणी खुब्यावर थोडं मांस-चरबी असली तर पडल्यावर हाडाला मार कमी बसतो. अगदी वाळलेल्या म्हाताऱ्यांचे खुबे जास्त मोडतात. मोटारीच्या अपघातात पोटावरच्या चरबीनं आतला मार थोडा झेलल्याचंही काही डॉक्टरांना आढळलं. पण ही मदत अपघाताच्या क्षणापुरती. नंतर दवाखान्यात फार जाड माणसाचे हाल जास्त होतात. श्वास नीट भरत नाही, पायात रक्ताच्या गाठी होतात, साखर वाढते आणि जखम पिकते. दोन्ही टोकांना धोका आहे.

मांसाचाही एक उलटा खेळ आहे. तो सांगितला नाही तर गोष्ट अर्धी राहील. १९४० च्या सुमाराला लंडनवर बाँब पडत होते, घरं कोसळत होती. ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं बोलत-चालत असायची, चहा मागायची, आणि थोड्याच दिवसांत लघवी बंद होऊन मरायची. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये याचं कारण मांडलं. तासन्‌तास दगडाखाली चेंगरलेल्या स्नायूतून विषारी द्रव्यं सुटतात आणि सुटका झाल्यावर रक्तात मिसळून मूत्रपिंड बंद पाडतात. यात जेवढं जास्त मांस चेंगरलं तेवढा धोका मोठा, म्हणजे धट्ट्याकट्ट्या गड्याला जास्त. म्हणून ढिगाऱ्याखालून निघालेला माणूस बरा दिसला तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच. सलाईन लवकर लागलं तर मूत्रपिंडं वाचू शकतात. भूकंपाच्या मुलखात राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आता पुन्हा मावशींकडं येऊ. बासष्ट किलो वजन, मग मांस कमी कसं? याचं उत्तर सापडलं पुण्यात.

ज्या साली किल्लारी झाली त्याच साली, १९९३ मध्ये, पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक काम सुरू केलं. शेतकरी घरांतल्या बाया, त्यांचं खाणं, त्यांचं काम, आणि जन्मलेल्या बाळांची मापं. आयांचं सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास. बाळं जन्मली सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन शहरातली बाळं साडेतीन किलोची होती. आता २.७ किलोचं बाळ म्हणजे सगळीकडूनच बारीक असणार, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. आपल्या बाळांचं मांस कमी होतं, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी जवळपास इंग्लंडच्या बाळांइतकीच होती. दिसायला रोड, आतून चरबीचं. बाळाच्या आईच्या पोटातच हा हिशोब ठरलेला. आणि त्याच कामात असंही दिसलं की ज्या आया गरोदरपणी पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती.

पुढं २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचाच फोटो एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचं उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं, निर्देशांक दोघांचाही २२.३. मग चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काटा दोघांना एकच म्हणत होता. आम्हाला हा फोटो फार आवडला. एवढा मोठा डॉक्टर, स्वतःच्या पोटाचा दाखला देतो!

मावशींचं कोडं इथं सुटलं. त्यांचे बासष्ट किलो खरे होते, पण त्यांत पेटीतली रोकड कमी होती. गेली दहा वर्षं शेतात जाणं सुटलेलं, गुडघे दुखतात म्हणून चालणं कमी. वयाबरोबर मांस तसंही उतरतं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तळाची आमटी आणि भाकरी, तिही अर्धी, दात नाहीत म्हणून. गोल चेहऱ्यानं आम्हा सगळ्यांना फसवलं. शिबिरात वजन लिहून घेणाऱ्या आम्हीच होतो. "छान आहे हो मावशी," असं आमच्यातलीच एक म्हणाली होती.

डाळीनं पू होत नाही. पू जंतूंमुळं होतो, आणि जंतूंना मारणाऱ्या पेशी ज्या प्रथिनांच्या बनतात ती डाळीत, अंड्यात, दुधात आहेत. १९९० मध्ये जिनिव्हा शहरात खुबा मोडलेल्या ५९ म्हाताऱ्या रुग्णांवर एक साधी गोष्ट करून बघितली. सगळ्यांचं नेहमीचं जेवण तेच, पण निम्म्यांना रोज एक पेलाभर पौष्टिक पेय जास्त दिलं, त्यात २० ग्रॅम प्रथिनं. ज्यांना पेला मिळाला त्यांच्यात गुंतागुंत आणि मृत्यू दोन्ही मिळून बरेच कमी झाले. २० ग्रॅम म्हणजे आपल्या घरात काय? एक अंडं सहा ग्रॅम, एक पेला दूध सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाणे सात-आठ ग्रॅम. झाले वीस. अंडं चालत नसेल तर घट्ट वरणाची वाटी. दात नसतील तर शेंगदाण्याचं कूट ताकात किंवा दुधात कालवून. पन्नास किलोच्या बाईला एरवी दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम प्रथिनं पुरतात. मोठ्या जखमेच्या काळात पाऊणशे ते शंभर लागू शकतात. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवायचं. भाजलेल्या बाईला याहूनही जास्त लागतं, कारण भाजण्यात शरीर सगळ्यात वेगानं मांस जाळतं. आणि नुसतं खाऊन भागत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याबरोबर उठून बसणं, पाय हलवणं हवं, नाहीतर खाल्लेल्याची पुन्हा चरबीच होते, मिनेसोटाच्या पोरांसारखी.

हे सगळं आम्ही आधी मावशींच्या घरी जाऊन सांगितलं. जड गेलं. सून ऐकत बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे मीच की काय?" आम्ही म्हणालो, नाही बाई, पथ्य तुझ्या सासूच्या सासूपासून चालत आलंय, तू रात्री तीनदा उठत होतीस ते आम्ही बघितलंय. ती काही बोलली नाही. चहा केला, आम्ही प्यायलो.

त्यानंतरच्या बैठकीपासून वहीत वजनाच्या शेजारी आम्ही एक रकाना वाढवला. डॉक्टरताईंनी सुचवला होता. खुर्चीवर बसायचं, हात छातीशी बांधायचे आणि हात न टेकता पाच वेळा उठून उभं राहायचं. मांडीत मांस किती आहे ते काट्यापेक्षा यातून लवकर कळतं. पहिल्या दिवशी पोरी खिदळत होत्या. सत्तरीच्या एक आत्या, चिपाडासारख्या वाळलेल्या, पाचही वेळा उठल्या आणि वर फुगडी घालू का म्हणाल्या. आमच्या गटाच्या अध्यक्ष वय पंचेचाळीस, वजन अडुसष्ट, तिसऱ्या वेळेला त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. खोलीत जरा शांतता झाली. त्या स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "लिहा, तीन लिहा." पुढच्या बैठकीला त्या पिशवीतून भिजवलेली मटकी घेऊन आल्या, सगळ्यांपुढं पदरात घेऊन खात बसल्या, आणि वही उघडायच्या आधी खुर्ची कुठं आहे ते विचारलं.